तीन चाकांचा पाडवा

अंबाबाईच्या कोल्हापुरात पहाट दोनदा होते. पहिली देवळातल्या काकड्याने, दुसरी गवळ्यांच्या गल्लीतल्या म्हशींच्या रेकण्याने. पहिल्या पहाटेला देवी उठते, दुसऱ्या पहाटेला भक्त उठतात. आणि भक्तांना उठवणे हे देवीला उठवण्याहून फार कठीण, म्हणून त्या कामावर म्हशींची नेमणूक झालेली आहे.

या दुसऱ्या पहाटेचा एक मानकरी म्हणजे जोतीराम. पन्नाशी ओलांडलेला, खांद्याने रुंद, मनाने त्याहून रुंद. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर अंगावर घेतलेला गुलाल त्याच्या कानामागे गौरी-गणपतीपर्यंत सापडत असे. रोज म्हैस घेऊन तो दूधकट्ट्यावर उभा राही, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढी, आणि पेला रिकामा होईपर्यंत त्या माणसाच्या तोंडाकडे असा पाहत राही, जणू देवाने नैवेद्य घेतला की नाही ते तपासतो आहे.

त्याच्या म्हशीचे नाव हरणी. ते नाव ऐकून परगावचा पाहुणा हसे, कारण हरणी दारात उभी राहिली की दार दिसेनासे होई. पण जोतीरामला तिच्यात हरिणच दिसे. आणि प्रेमाच्या दृष्टीला चष्म्याचा नंबर काढायला कोणी जाऊ नये.

हरणीची खरी कीर्ती दुधापेक्षा पळण्याची. गोकुळात देवाने गाई वळल्या. म्हशी मात्र त्याने कोल्हापूरकरांवर सोपवल्या, आणि कोल्हापूरकरांनी त्या सोपवणुकीचा मान आपल्या पद्धतीने राखला. दिवाळीच्या पाडव्याला इथला गवळी आपल्या म्हशीला न्हाऊमाखू घालतो, शिंगे रंगवतो, शिंगांना मोरपिसे बांधतो, गळ्यात कवड्यांची माळ घालतो. मग आपल्या मोटारसायकलचा सायलेन्सर काढून ठेवतो, गाडी सुरू करतो, आणि त्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजामागे म्हैस चौखूर उधळत पळते. तिला दावे लावायचे नाही, काठी दाखवायची नाही, मागून हाकायचे तर मुळीच नाही. पुढे मालकाच्या गाडीचा आवाज आणि मागे ती. श्रवणभक्ती म्हणतात ती याहून वेगळी काय असते? शेकडो गाड्यांच्या गदारोळात जिला आपल्या मालकाची गाडी ऐकू येते, ती म्हैस खरी. आणि ज्याच्या मागे ती पळते, तो गवळी खरा. बाकीच्यांनी दूध विकावे आणि गप्प बसावे.

हरणी दरसाल जोतीरामच्या मागे पळत आली होती. त्याची मोटारसायकल फार जुनी. तिचा आवाज म्हणजे दोन दमदार ठोके, मग एक खोकला, मग पत्र्यावर फुटाणे सांडावेत तसा कडकडाट. हरणी रेडकू असल्यापासून तिची वैरण याच गाडीवरून येत होती. तो खोकला ऐकून ती लहानाची मोठी झाली.

आणि मग आषाढात, पंचगंगेचे पाणी घाटाच्या पायऱ्या चढत असताना, जोतीराम गोठ्याच्या माळ्यावरून खाली आला. शिडीने नव्हे. कडब्याची पेंढी ओढली, ती येईना, म्हणून जोर केला. तेव्हा पेंढी आली आणि पाठोपाठ जोतीरामही आला. खाली दगडी हौद होता. डाव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली. हरणीने मान वळवून पाहिले, आणि अनायासे खाली आलेल्या पेंढीतले एक ताट ओढून शांतपणे चावू लागली.

डॉक्टरांनी नडगीत सळई घातली आणि खाटेशी उभे राहून बजावले, "हे पाहा, होळीपर्यंत दोन चाकी गाडीचं नाव काढायचं नाही. गाडी कलली आणि हा पाय टेकला, की सळई वाकली म्हणून समजा."

"म्हंजी गाडी कललीच न्हाय, तर चालंल?" जोतीरामने विचारले.

"दोन चाकांची गाडी कलतेच हो!"

"तुमी त्यांच्याकडं ध्यान दिऊ नगा, डॉक्टरसाहेब," उशाशी उभी असलेली चिमणाबाई म्हणाली. "भूल अजून उतरली न्हाय."

चिमणाबाई ही जोतीरामची सहधर्मचारिणी. तिच्या नावात चिमणी होती तेवढीच; बाकी आवाज असा की गल्लीच्या या टोकाला तिने दूधवाल्या पोरीला हाक मारली तर त्या टोकाच्या म्हशी पान्हा सोडत. नवऱ्यावर तिचा जीव होता, आणि जीव असलेल्या माणसावर डोळा ठेवावा लागतो, एवढे शास्त्र तिला लग्नाच्या आठवड्यातच उमगले होते.

संसाराचा गाडा थांबू नये म्हणून तिचा धाकटा भाऊ यशराज धावून आला. पोरगा मनाचा निर्मळ, हाताचा कामसू. फक्त त्याची बुलेट नवी होती आणि तिचा अभिमान त्याहून नवा. सकाळ-संध्याकाळ तो बुलेटवरून सरकीची पेंड आणी, हरणीला धुई, कट्ट्यावर नेई; तिला घास घालणे आणि धार काढणे चिमणाबाईने आपल्याकडे घेतले. जोतीराम खिडकीशी खाटेवर पडून सगळे ऐके. पहिल्या आठवड्यात बुलेट आली तरी गोठा गप्प असे. पुढच्या आठवड्यात हरणीच्या गळ्यातली घंटा जराशी हलली. आणि एके सकाळी बुलेट गल्लीच्या तोंडाशी असतानाच हरणी चक्क रेकली.

यशराज खिडकीशी येऊन ओरडला, "दाजी, ऐकलासा? वळखतीया की माझ्या गाडीला!"

"वळखत न्हाय. कानावर माशी बसली आसंल."

"रोज सकाळच्याला त्याच टायमाला बसती काय माशी?"

"कोल्हापूरची माशी हाय. टायमाची पक्की."

तोंडाने असे म्हणाला, पण त्या दिवशी जोतीरामला भाकरी गोड लागली नाही. मथुरेला गेलेल्या कृष्णासाठी गोकुळ रडले, हे आपण सारे भक्तिभावाने ऐकतो. पण मथुरेत बसलेल्या देवाला कोणी येऊन सांगितले असते की गोकुळात आता दुसराच एक जण बासरी वाजवतो, आणि गाई माना डोलावतात, तर देवाने काय केले असते? जोतीरामची अवस्था त्या देवासारखी झाली. फरक एवढाच की देवाच्या पायात सळई नव्हती.

गणपती आले, गणपती गेले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी यशराज खाटेशी येऊन बसला. चपलेच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला.

"दाजी, एक इचारू?"

"इचार की."

"औंदा पाडव्याला हरणीला माझ्या गाडीमागं पळवू काय? न्हाय म्हंजी, तुमाला तर जमायचं न्हाय. आणि ती दारात बांधून ऱ्हायली तर लोक काय म्हंतील, की म्हस म्हातारी झाली म्हणून."

जोतीराम छताकडे पाहत राहिला. नाही म्हणावे तर हरणीच्या कीर्तीचे नुकसान, हो म्हणावे तर स्वतःच्या काळजाचे. शेवटी अडल्या मराठी माणसाला देवाने जो एक शब्द दिला आहे, तोच त्याने उच्चारला.

"बगू."

त्याच दुपारी खिडकीखाली एक रिक्षा येऊन उभी राहिली. रिक्षावाला हँडल सोडून, दोन्ही पाय वर घेऊन, मावा चोळत बसला होता. रिक्षा कलली नाही. जोतीराम पाहत राहिला. रिक्षावाल्याने कूस बदलली, जांभई दिली. रिक्षा तशीच ध्रुवासारखी अढळ. तपश्चर्या करणाऱ्याला देव कोणत्या रूपात भेटेल हे सांगता येत नाही. जोतीरामला तो तीन चाकांवर बसून मावा चोळत भेटला.

उद्यमनगरात शिवपुत्र नावाचा एक कारागीर आहे. कपाळी भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात लिंग, हातात वेल्डिंगची कांडी. मूळचा कुरुंदवाडच्या पलीकडचा, म्हणून त्याच्या मराठीत कन्नड अशी मिसळलेली, जशी भाकरीत मिठाची कणी. काम हीच पूजा मानणारा हा भाविक माणूस. बिघडलेली वस्तू पाहिली की त्याला झोप लागत नसे. त्याच वेळी पाय तपासणाऱ्या बाईंनी जोतीरामला कुबड्यांवर रोज चालायचा व्यायाम सांगितला होता. त्याने तो व्यायाम इतक्या निष्ठेने मनावर घेतला की चिमणाबाईचे डोळे भरून आले. रोज जेवण झाले की हा कुबड्या टेकत निघे, आणि वळण ओलांडले की रिक्षात बसून थेट शिवपुत्राच्या शेडमध्ये व्यायामाला हजर होई.

"आप्पा, माझी गाडी तीन चाकी करायची," त्याने पहिल्या दिवशी सांगितले.

शिवपुत्राने त्याच्याकडे पाहिले, पायाकडे पाहिले, कुबड्यांकडे पाहिले. "बेड री आण्णा, नको. वहिनीस्नी कळलं तर मला वेल्डिंग करतील त्या."

"कळतंय कशाला? खंडेनवमीला गाडी पुजायची, म्हणून नीट करायला धाडतो म्हंतो. खोटं कुठं हाय त्यात?"

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टरनं दोन चाकीला बंदी घातलीया. मी डॉक्टरच्या शब्दाभाईर न्हाय."

शिवपुत्राने शिवाचे नाव घेतले आणि कामाला हात घातला.

भंगारातल्या एका रिक्षाचा मागचा आस मिळाला. मोटारसायकलचे मागचे चाक काढून तिथे तो आस आणि त्यावर दोन चाके बसली. डाव्या पायाने गिअर टाकता येणार नव्हता, म्हणून शिवपुत्राने गिअरला एक लांब सळई जोडली आणि ती वर हाताशी आणली. तिला मूठ हवी होती. तेव्हा जोतीरामने घरातली मोडकी ताकाची रवी धोतराआड लपवून आणली आणि तिचा लाकडी गड्डा त्या सळईवर बसवला. मागच्या दोन चाकांमध्ये शिवपुत्राने एक रुंद, गुबगुबीत गादीची बैठक केली.

"हे कशापाय?" जोतीरामने विचारले.

"मागं वजन लागतंय री. न्हाई तर वळणावर उडती." एवढे बोलून शिवपुत्र उगीचच पाना पुसत राहिला.

खंडेनवमी आली, गाडी काही घरी आली नाही. 'एक पार्ट पुण्याहून यायचा हाय,' असे जोतीरामने जाहीर केले. चिमणाबाईने पूजेचे ताट घेतले, गाडी जिथे उभी राहत असे तिथल्या फरशीवरच्या तेलाच्या डागाला हळदकुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेवले, नारळ फोडला आणि नवऱ्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. जोतीरामने तो प्रसाद डोळे मिटून खाल्ला, कारण उघडे ठेवण्याची सोय नव्हती.

पुढच्या आठवड्यात शेडबाहेर पहिली परीक्षा झाली. जोतीराम बसला, रवीचा गड्डा ओढला, गाडी निघाली. वळण आले. आयुष्यभर ज्याने मोटारसायकल चालवली त्याचे अंग वळणावर आपोआप कलते; जोतीरामचेही कलले. पण तीन चाकांची गाडी असल्या भावनेला दाद देत नाही. जोतीराम डावीकडे कलला, गाडी सरळ गेली, आणि शेजारच्या ओतकामाच्या कारखान्याबाहेरच्या काळ्या वाळूच्या ढिगात नाक खुपसून उभी राहिली. नडगीतली सळई शाबूत, पाय शाबूत. फक्त जोतीराम भुवयांपर्यंत काळा.

"आण्णा, ही गाडी न्हाई, सिंहासन हाय," वाळू झटकत शिवपुत्र म्हणाला. "राजा सिंहासनावर कलतो काय? हँडल फिरवायचं, अंग न्हाई."

त्या दिवशी जोतीराम घरी गेला तेव्हा चिमणाबाईने त्याच्या काळ्या कपाळाकडे पाहिले आणि विचारले, "आज व्यायाम जास्त झाला वाटतं?"

"व्हय. घाम आला."

"काळा आला."

"उन्हाचं हाय ते."

हळूहळू अंग कलायचे थांबले आणि हात वळायला शिकले. गंमत अशी की शेडमध्ये चढउतार करता करता, पाने-पकडी उचलता उचलता, पायातही बळ भरू लागले. दोन कुबड्यांची एक झाली. आणि इकडे शिवपुत्राच्या भक्तिभावाने एक मोठाच घोळ घातला. गाडी तीन चाकी झाली, ते सांगितलेले काम. पण बिघडलेले यंत्र उघडल्यावर ते तसेच मिटवणे हे त्या पुण्यवंताच्या धर्मात बसेना. त्याने कार्बोरेटर नवा टाकला, तडा गेलेला धुराचा नळ बदलला, इंजिनाचा कण न् कण पुसला. एका पैशाची अपेक्षा न ठेवता, केवळ प्रेमापोटी. गाडी शिवणयंत्रासारखी गुणगुणू लागली. जोतीरामला वाटले, भाग्य उजळले.

वसुबारसेच्या संध्याकाळी त्याने ते तीन चाकांचे सिंहासन गल्लीत आणले. बायाबापड्या दारात आल्या. कोणी म्हणाले रथ, कोणी म्हणाले छकडा, एक म्हातारी तर हात जोडून उभी राहिली. यशराजचे तोंड उघडेच राहिले.

"दाजी! ह्यो काय नाद केलासा?"

"पाडव्याला हरणी माझ्या गाडीमागं पळणार. दाजी कलत न्हाय आता," जोतीराम म्हणाला, आणि मोठ्या दिमाखात गोठ्यासमोर गाडी थांबवून इंजिन गरगरवले.

हरणी रवंथ करत होती. ती रवंथ करत राहिली.

त्याने पुन्हा इंजिन गरगरवले. हरणीने शेपटीने एक माशी हाकलली. कान नाही, घंटा नाही, मान नाही. परका कोणी वाटसरू दारावरून गेला असता तरी तिने एवढी उपेक्षा केली नसती. यशराजला हसायची संधी होती. तो हसला नाही, हे त्याचे पुण्य लिहून ठेवण्याजोगे. जोतीराम सिंहासनावर बसून होता, पण चेहरा राज्य गेलेल्या राजाचा. "इसरली," तो हळूच म्हणाला. "इसरली मला."

तेवढ्यात गोठ्यातून शेणाने भरलेले हात तसेच पुढे धरून चिमणाबाई बाहेर आली.

"इसरायला ती काय माणूस हाय? ह्यी गाडी कुठली? आमची गाडी खोकती. ह्यी तर ओवी म्हणाय लागलीया. परक्या गाडीमागं म्हस कशाला जाईल? तुमीच तिला तसं वळण लावलंय न्हवं!"

जोतीरामने वळून पाहिले. "तुला... तुला गाडीचं ठाऊक हुतं व्हय?"

"मोडकी रवी कुठं गेली म्हणून शोधत हुते, तवापासनं ठाऊक हाय. व्यायामाला जाणारा माणूस ताक घुसळायचं सामान घिऊन जातोय व्हय? दुसऱ्या दिशी मीच गेलते शेडवर. ती मागची गादी कुणी शिवली म्हंता? आप्पांना मीच सांगितलं, ह्येंनी चालवायची आसंल तर मागं मी बसणार, जागा ठेवा."

जोतीरामला आता उमगले की शिवपुत्र त्या दिवशी पाना का पुसत होता. जो लपवतो त्याला वाटते आपण कृष्ण आहोत. पण लोणी मोजून ठेवणारी यशोदा घरात असतेच.

दुसऱ्या दिवशी शिवपुत्राला बोलावणे गेले. तो पेटी घेऊन आला, आणि काय करायचे ते ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले.

"नीट केलेली गाडी बिघडवू? शिवशिवा! आण्णा, असलं पाप माझ्या हातनं..."

"आप्पा, तुमचा हात लागला की गाडी बरी हुती, ह्यो तुमचा दोष न्हाय," चिमणाबाईने समजावले. "पण तिला जरा आजारी पाडा. बेताची. मरू दिऊ नका."

मग त्या अंगणात असा एक सोहळा झाला, जो कोणत्याही कारखान्यात कधी झाला नसेल. भंगारात टाकलेला जुना कार्बोरेटर परत आला. तडा गेलेला नळ परत आला. शिवपुत्र तोंड फिरवून एक एक स्क्रू ढिला करी, जोतीराम गाडी सुरू करी, आणि चिमणाबाई पेंडीचे घमेले कमरेवर धरून, डोळे मिटून, वीणा जुळवणाऱ्या बुवाच्या तन्मयतेने ऐके.

"न्हाय. ही नुसती सर्दी झाली. खोकला न्हाय आला."

पुन्हा स्क्रू. पुन्हा आवाज.

"ह्यो खोकला हाय, पण आपला न्हाय. आपल्या खोकल्याला शेवटाला जरा घरघर हाय."

"घरघर!" शिवपुत्राने आकाशाकडे पाहिले. "ती काढायला मला दोन दीस लागलेते री वहिनी!"

शेवटी त्याने नळ किंचित तिरका बसवला. जोतीरामने किक मारली. दोन दमदार ठोके, एक खोकला, आणि पत्र्यावर सांडलेले फुटाणे.

गोठ्यात घंटा वाजली. हरणी उठली. मागचे पाय, मग पुढचे पाय, मग तिचा तो सगळा काळाभोर पसारा दारात आला. तिने मान उंच केली आणि गल्ली दणाणेल अशी रेकली. जोतीरामने टोपी काढून डोळ्यांना लावली. पण देव भक्ताला सुख देतो तेव्हा त्याच्याच शेजारी एखादा मेहुणाही उभा करून ठेवतो.

"दाजी," यशराज डोके खाजवत म्हणाला, "एक शंका हाय. ती गाडीला रेकली, का आक्काच्या घमेल्याला?"

चिमणाबाई खरोखरच घमेले घेऊन गोठ्याच्या दाराशीच उभी होती. जोतीरामने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. पण ती शंका त्याच्या मनात जी शिरली ती डोळ्यात गेलेल्या कुसळासारखी. चार महिने हरणीच्या तोंडी घास घालणारी चिमणाबाई. पायाशी बसून धार काढणारी चिमणाबाई. आणि पाडव्याला गाडीवर मागे बसणारही तीच. मग हरणी पळेल ती कोणाच्या मागे?

"तू बसू नगस मागं," त्याने त्या रात्री जेवताना म्हणून पाहिले.

"मी बसल्याबिगर गाडी हलायची न्हाय. पाय तुमचा आसंल, पण चार म्हैनं दाबलाय मी."

पाडवा उजाडला. घाटाकडे जाणारा रस्ता म्हशींनी फुलून गेला होता. रंगवलेली शिंगे, डोलणारी मोरपिसे, पायांतल्या घुंगरांचा झणत्कार, हलगीचा कडकडाट, आणि सायलेन्सर काढलेल्या गाड्यांची ती गर्जना, जी ऐकून इंद्रानेही कानात कापूस घालावा. हरणीच्या पाठीवर यशराजने स्वतःच्या हाताने रंगाने कमळ काढले होते. हरणी कोणाच्या गाडीमागे पळणार, यावर गल्लीच्या जाणत्यांनी निवाडा दिला: हरणीला मधोमध मोकळे सोडायचे. एका बाजूला यशराजची बुलेट, एका बाजूला जोतीरामचे सिंहासन. ती जाईल तिकडे जाईल. कुणी नाव घेऊन हाक मारायची नाही.

तीन चाकांची गाडी पुढे आली तेव्हा लोक हसले. गादीवर नऊवारीचा काष्टा मारून, एका हाताने नवऱ्याची कॉलर धरून बसलेली चिमणाबाई पाहून तर टाळ्याच पडल्या.

"जोतीरामतात्या, वरात कुणाची म्हणायची ही?"

"तुझ्या आज्याची! सर बाजूला!" उत्तर चिमणाबाईने दिले.

दावे सुटले. यशराजने बुलेट गरजवली. हरणीने मान तिकडे वळवली, दोन पावले टाकलीही. शेवटी चार महिन्यांची पेंड त्या आवाजाबरोबर आलेली होती. जोतीरामच्या कपाळाला घाम फुटला, आणि या खेपेस खरोखरच घाम. त्याने किक मारली. गाडी खोकली.

हरणी थांबली. कान फिरले. मग ती जी वळली, ती अशी वळली की कवड्यांची माळ उलटी होऊन पाठीवर पडली, आणि घुंगरांचा पाऊस पाडत, धूळ उडवत ती तीन चाकांच्या मागे लागली. लोकांनी आरोळी ठोकली. यशराजने बुलेट बंद करून दोन्ही हात डोक्यावर जोडले आणि ओरडला, "नाद न्हाय करायचा दाजींचा!"

जिंकला की जोतीराम! पण माणसाचे मन पाहा. गाडी पळते आहे, हरणी मागे येते आहे, तिचा गरम श्वास गादीपर्यंत पोचतो आहे; आणि हा आरशात वाकून वाकून पाहतो, तर त्याला दिसते काय? हरणीचे तोंड अगदी चिमणाबाईच्या मांडीशी. चिमणाबाई तिच्या कपाळाला हात लावते आहे. कुसळ पुन्हा टोचले.

"अगं," तो गाडीच्या आवाजावर ओरडला, "खरं सांग, ती माझ्यामागं येतीया का तुझ्या?"

घाटाजवळचे वळण आले. जोतीरामने वेग कमी केला, अंग न कलवता हँडल वळवले. वळणाबाहेर पडताना गाडी एकदम हलकी झाली, आणि कॉलरवरची पकड सुटली. त्याने आरशात पाहिले. गादी रिकामी होती. रस्त्याच्या मधोमध, कमरेवर हात देऊन, चिमणाबाई उभी होती.

हरणी तिच्यासमोर येऊन थबकली. म्हशीने चिमणाबाईचा हात हुंगला. पदर हुंगला. पुढे गाडी दोन ठोके वाजली, खोकली, घरघरली. हरणीने मान वर केली, चिमणाबाईला खांद्याने बाजूला सारले, आणि शेपूट उंच करून गाडीमागे सुसाट सुटली.

"आगं ए भवाने!" चिमणाबाई कडाडली, आणि तो आवाज सर्व गाड्यांच्या वर गेला. "चार म्हैनं माझ्या हातचं खाल्लंस की गं! थांब, संध्याकाळी येतीस न्हवं दारात!" शिव्या अशा देत होती आणि हसत अशी होती, की जवळच्या बायकांना शिव्या खऱ्या मानाव्यात की हसू, ते ठरेना.

घाटावर जोतीरामने गाडी थांबवली. हरणी येऊन हँडलला गळा घासू लागली. तो तिच्या गळ्यात हात टाकून बसला होता, तेव्हा काष्टा सावरत, धापा टाकत चिमणाबाई येऊन पोचली.

"पडलीस व्हय गं?" तो घाबरून म्हणाला.

"पडले न्हाय. उतरले."

"चालत्या गाडीतनं? कशापाय?"

चिमणाबाईने त्याच्याकडे पाहिले. त्याची ओली पापणी पाहिली, म्हशीच्या गळ्यातला हात पाहिला. मग पदराने हरणीच्या पाठीवरचा घाम पुसला, ज्यात यशराजचे कमळ निम्मे पुसून गेले, आणि गादीवर चढून बसली.

"लोक वाट बगाय लागल्यात. दुसरी फेरी मारा. आणि आता सारखं मागं बगू नगा, पुढं बगा."

जोतीरामने हाताने गिअर टाकला, आणि दुसऱ्या फेरीत त्याने आरशाकडे एकदाही पाहिले नाही.